नियम कुठे आवळायचे, कुठे सैल सोडायचे : टेबलटॉप आरपीजीत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

टेबलटॉप आरपीजीत, म्हणजे टेबलाभोवती बसून आपापल्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळात, तुमच्या पात्राला काहीही करून बघता येतं, आणि पहिल्यांदा खेळायला बसलेला माणूस नेमका तिथेच अडतो. जीएम, म्हणजे खेळ चालवणारा गेम मास्टर, प्रसंग रंगवून सांगतो, मग विचारतो, "तू काय करतेस?" आणि टेबलावर शांतता पसरते. कल्पना सुचत नाहीत असं नसतं. दार फोडलं तर आवाज कुठवर जाईल, पहारेकऱ्याला थाप मारली तर तो फसेल की थेट तलवार उपसेल, यातलं काहीच कळत नसेल तर कोणीही गप्पच बसेल. दुसऱ्या टोकाला नियमांचं पुस्तक पाठ करून आलेला खेळाडू असतो. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राचे आकडे आणि कौशल्यं लिहिलेल्या कागदावर, छापलेल्या क्रियांपलीकडे तो बघतच नाही.

दोघांचंही औषध एकच आहे, असं मला मनापासून वाटतं. खेळाडूला परिणामाचा अंदाज बांधता यावा, हे नियमांचं पहिलं काम. अंदाज आला की माणूस धाडस करतो, आणि धाडस करणाऱ्यालाच पुढच्या कल्पना सुचतात. एखादा नियम घट्ट धरायचा की सोडून द्यायचा, हा प्रश्न टेबलावर आला की एवढंच बघा : यामुळे समोरच्याला आपल्या कृतीचा अंदाज येतोय की नाही?

खाली उदाहरणं डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतली घेतली आहेत, कारण बहुतेक जण सुरुवात याच खेळाने करतात. तिचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतात. प्रसंगही सगळीकडे एकच ठेवलाय : खाडीकाठचं एक जकातघर, आत जप्त केलेली एक हिशेबाची वही, आणि पहाटेच्या भरतीआधी ती वही घेऊन निसटायचं असलेली चार पात्रं.

आधी थोडा इतिहास

नियम आणि मोकळीक यांची ही ओढाताण या खेळापेक्षा जुनी आहे. १८२४ साली प्रशियाच्या तोफखान्यातल्या रायस्विट्झ या तरुण अधिकाऱ्याने 'क्रीगस्पील' हा युद्धखेळ सैन्यापुढे मांडला. नकाशा, फासे, नुकसानीचे तक्ते आणि निर्णय द्यायला एक पंच, अशी त्याची रचना. तक्ते इतके बारकाईचे होते की खेळ चालवणं हेच एक काम होऊन बसायचं. १८७६ मध्ये फेर्डी द्यु वेर्नुआ या प्रशियन सेनाधिकाऱ्याने बहुतेक तक्ते बाजूला सारले आणि अनुभवी पंचाच्या निवाड्यावर खेळ चालवायची पद्धत सुचवली. त्याने वेग आला, पण मग सगळी भिस्त पंचाच्या जाणतेपणावर येऊन पडली.

पुढे १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यांनी 'ब्राउनस्टाइन' नावाचा खेळ घेतला. खेळाडूंच्या हाती पलटणी देण्याऐवजी त्यांनी काही जणांना एकेका माणसाची भूमिका दिली. खेळाडू ठरलेल्या मांडणीबाहेर जाऊन स्वतःचे डाव टाकू लागले, आणि लोकांना आवडलं ते नेमकं हेच. त्या मंडळींपैकी डेव्ह आर्नेसन आणि शेजारच्या विस्कॉन्सिनमधले गॅरी गायगॅक्स यांच्या नावाने १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स प्रसिद्ध झाला. म्हणजे हा छंद जन्मला तोच तक्ते आणि निवाडा यांच्या मधल्या जागेत. तुमच्या टेबलावर हा प्रश्न आला तर काही बिघडलंय असं समजू नका. तो यायचाच.

पायरी १ : कोणाच्या खांद्यावर किती ओझं, ते बघून खेळ निवडा

नव्या गटाला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "सोप्या नियमांचा खेळ घ्या". हा सल्ला अर्धाच खरा आहे. जॉन हार्पर यांचा २०१३ चा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' एका पानात मावतो. पात्राचा एकच आकडा असतो, २ ते ५ मधला. थंड डोक्याने, तंत्राने करायचं काम असेल तर फासा त्या आकड्याच्या खाली पडायला हवा. भावनेने, बोलण्याने करायचं असेल तर वर. खेळाडूला शिकायला पाच मिनिटं पुरतात. पण पानावर जे लिहिलेलं नाही ते सगळं जीएमला जागच्या जागी ठरवावं लागतं. नियम कमी म्हणजे निवाडे जास्त, आणि निवाडे देणं हे नव्या जीएमसाठी सगळ्यात अवघड काम.

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये उलटं आहे. खेळाडूंचं पुस्तकच ३०० हून जास्त पानांचं, पण त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तयार मिळतात. मधल्या वाटेवर व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांच्या २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'पासून निघालेले खेळ आहेत. तिथे सहा पैलूंचे दोन फासे टाकतात. १० किंवा वर आलं तर मनासारखं होतं, ७ ते ९ आलं तर होतं पण काहीतरी किंमत मोजून, ६ किंवा खाली आलं तर जीएम गोष्ट अडचणीकडे वळवतो. फाशांत काही मिळवायचं नसेल तर ७ ते ९ येण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के असते. 'हो, पण' हे उत्तर नियमांतच असं बसवून ठेवलेलं आहे.

गटात कोणी आधी खेळलेला जीएम असेल तर एका पानाचा खेळ घ्या. सगळेच नवे असाल तर पाचव्या आवृत्तीचे मोफत नियम आणि तयार पात्रं घ्या, असं मी सुचवेन.

पायरी २ : सेशन झीरोमध्ये मोजकंच ठरवा, पण पक्कं ठरवा

प्रत्यक्ष खेळाआधीच्या बैठकीला सेशन झीरो म्हणतात. अनेक गट ती टाळतात किंवा तिचा वेळ पात्रांची पार्श्वभूमी ऐकण्यात घालवतात. सिंधुदुर्गातल्या दशावतारी नाटकात संवाद लिहिलेले नसतात. आख्यान कुठलं, भूमिका कोणाच्या, हे ठरतं आणि मग नट उभ्या उभ्या संवाद रचत जातात. आधी ठरलेलं थोडंच असतं, पण ते सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. सेशन झीरोतून तेवढंच साधायचं आहे.

काय ठरवायचं? गोष्टीचा सूर : थरारक, हलकाफुलका की भीषण. पात्रं मरू शकतात का. एका खेळाडूचं पात्र दुसऱ्याच्या पात्राची चोरी करू शकतं का, त्याच्यावर हात उचलू शकतं का. वाद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा. आणि गोष्टीत कोणते विषय अजिबात नकोत, कोणते पडद्याआड चालतील. या शेवटच्या मुद्द्यासाठी जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांचं 'एक्स-कार्ड' फार कामाचं आहे. टेबलाच्या मध्ये फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं. एखादा प्रसंग नको झाला तर कोणीही त्याला हात लावावा, तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं. कारण विचारायचं नाही. बाकी कुठल्याही नियमाबद्दल मी मोकळीक द्यायला तयार आहे, या एकाबद्दल नाही. आपल्याला कधीही थांबता येतं हे माहीत असलं तरच माणूस नको नको म्हणत का होईना, वेगळं काही करून बघतो.

पायरी ३ : पहिल्या दिवशी एवढेच नियम पुरे

वीस पैलूंचा फासा टाका, त्यात पात्राचा संबंधित आकडा मिळवा, बेरीज ठरलेल्या आकड्याएवढी किंवा जास्त आली तर जमलं. खेळाचा कणा एवढाच. पुस्तकात अवघडपणाची पायरी ५ पासून ३० पर्यंत दिली आहे, पण सुरुवातीला तीनच लक्षात ठेवा : सोपं असेल तर १०, मध्यम १५, अवघड २०. परिस्थिती अनुकूल असेल तर ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा; प्रतिकूल असेल तर डिसॲडव्हांटेज, म्हणजे लहान घ्यायचा. लढाईत आपल्या पाळीला एकदा हालचाल आणि एक क्रिया. यापलीकडचं जो तो आपल्या शीटवरून, गरज पडेल तसं शिकतो.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाका. फाशावर २० पडले म्हणजे वाटेल ते जमतं, हे त्या नियमांत कुठेही नाही. हल्ला करताना २० पडले तर वार नक्की लागतो. भिंत चढणं, मन वळवणं अशा चाचण्यांना ते लागू नाही. राजाला "सिंहासन दे" म्हणून फासा टाकायचा आणि २० पडले म्हणून मागायचं, हे चालत नाही. जे घडूच शकत नाही त्यासाठी जीएमने फासा टाकायला सांगायचंच नसतं.

पायरी ४ : फासा हातात घेण्याआधीचं बोलणं

या लेखातली हीच पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा रेंगाळते.

जकातघराच्या दाराशी एक म्हातारा शिपाई आहे. चोराचं पात्र करणारी मैत्रीण म्हणते, "मी त्याला गंडवते." बरेच जीएम लगेच म्हणतात, "टाक फासा." इथेच गोष्ट पातळ होते. काय सांगून गंडवणार आणि त्यातून काय हवंय, या दोन गोष्टी कळल्याशिवाय फासा टाकायचा नाही. मग बोलणं असं होतं :

"काय सांगतेस त्याला?"

"म्हणते, मामा, साहेब पलीकडच्या तीरावर खोळंबलेत, त्यांना जप्तीची वही आत्ता हवी आहे. आतली खोली त्याने स्वतः उघडावी, एवढंच मला हवंय."

आता जीएमने मनाशी दोन प्रश्न विचारायचे. हे फसू शकतं का? आणि फसलं तर गोष्टीला काही वेगळं वळण मिळतं का? दोन्हीची उत्तरं 'हो' असतील तरच फासा. शिपाई दारू पिऊन झोपला असेल आणि किल्ली उशाला असेल, तर किल्ली मिळाली म्हणून सांगा आणि पुढे चला. उगीच टाकलेला प्रत्येक फासा खेळाडूचा अंदाज बिघडवतो.

इथे मात्र शिपाई जागा आहे आणि भित्रा आहे. म्हणून जीएम फाशाआधीच बोलून दाखवते : "१५ लागतील. जमलं तर खोली उघडेल, पण तो कंदील घेऊन दारातच उभा राहील. नाही जमलं तर आरडाओरड करणार नाही, पण साहेबांची चिठ्ठी मागेल आणि तोवर तुला जाऊ देणार नाही."

खेळाडूच्या शीटवर थापा मारायचे अधिक ५ आहेत. म्हणजे फाशावर १० किंवा वर पडायला हवेत. शक्यता ५५ टक्के. हे कळल्यावर ती थबकते. "थांब गं, मग आधी चिठ्ठीचंच बघते. जेट्टीवर साहेबांचा शिक्का मारलेली पोती पडली होती ना? त्याचा एक तुकडा फाडून हातात धरते, अंधारात लाखेचा शिक्का तेवढा दिसेल असा." जीएम म्हणते, "छान आहे. ॲडव्हांटेज घे." शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास गेली.

बघा, पोत्याचा तुकडा फाडायची कल्पना आली कुठून? जीएमने "काहीही कर" म्हटल्यामुळे ती आलेली नाही. चिठ्ठी मागितली जाईल हा धोका आधीच सांगितल्यामुळे आली. आकडा आणि परिणाम दडवून ठेवले असते तर तिने फासा टाकला असता आणि जे पडलं ते मान्य केलं असतं. जीएमनी रहस्य जपावं, ते गोष्टीतलं : वहीत काय लिहिलंय, साहेब खरे कोणाचे. फाशाचा भाव उघडच असू द्यावा.

आणि एकदा भाव सांगितला की तो बदलायचा नाही. फासा पडद्याआड टाकून आकडा हळूच बदलणारे जीएम असतात, बहुतेकदा चांगल्या हेतूने. मला ते पटत नाही. खेळाडूंना कधीतरी ते कळतंच, आणि मग आपल्या चांगल्या डावाने जिंकलो की जीएमच्या दयेने, हे त्यांना पुन्हा कधीच ठरवता येत नाही. फासे टेबलावर, सगळ्यांसमोर टाका. जो परिणाम झेपणार नाही तो पणाला लावूच नका.

हरल्यावर "काही होत नाही" असंही म्हणू नका. कुलूप उघडलं नाही, मग दुसरा येतो, तोही फासा टाकतो, मग तिसरा. त्यापेक्षा आधीच ठरवा : कुलूप उघडेलच, पण चुकलं तर त्यात इतका वेळ जाईल की भरतीचं पाणी पायरीला लागलेलं असेल.

पायरी ५ : पुस्तकात नाही असं काही खेळाडूने केलं तर

तो क्षण पहिल्याच बैठकीत येईल. योद्ध्याचं पात्र करणारा म्हणतो, "मागच्या गोठ्यातला ओला पेंढा पेटवतो. धुराने सगळे बाहेर येतील." पुस्तक उघडायचा मोह आवरा. एका मिनिटात निर्णय द्या आणि खेळ चालू ठेवा.

निर्णय हवेतून काढायचा नाही. याच्यासारखं पुस्तकात काय आहे, ते आठवा. दाट धुक्यात दिसत नाही, असा नियम आहे, तोच धुराला लावा. धुरात थांबणाऱ्याला दर पाळीला काटकपणाची चाचणी, आकडा १०, चुकला तर खोकत बाहेर. झालं. मग सरळ सांगा, "आजच्यापुरतं असं धरू या, घरी गेल्यावर बघते." आणि एका वहीत एक ओळ लिहून ठेवा : धूर म्हणजे दाट धुकं, काटकपणा १०.

ही वही म्हणजे तुमच्या टेबलाची खरी नियमावली. तिचं महत्त्व पुढच्या वेळी कळतं. तीन बैठकांनंतर शत्रू तुमच्या गटाला गुहेत कोंडून धूर करतात, तेव्हा त्यांनाही हाच नियम, हाच आकडा. खेळाडूंच्या बाजूने दिलेला निर्णय त्यांच्या विरुद्धही तसाच लागू होतो, हे दिसलं की तक्रारी जवळपास बंद होतात. आणि एखादा खेळाडू आधीचाच निर्णय आठवून त्यावर नवी योजना रचतो, तेव्हा जीएमला होणारा आनंद काही वेगळाच असतो.

जुन्या शैलीने खेळणाऱ्यांमध्ये नियमांपेक्षा निवाडा मोठा, असा एक विचार आहे. मॅट फिंच यांच्या २००८ च्या छोट्या पुस्तिकेने तो बराच पसरवला. मला तो आवडतो, पण नव्या जीएमने तो वहीशिवाय स्वीकारू नये. न लिहिलेले निवाडे विसरले जातात. मग जो खेळाडू जास्त आग्रहाने बोलतो त्याच्या बाजूने निर्णय झुकत जातात, आणि गप्प बसणारा अजूनच गप्प होतो.

पायरी ६ : स्पष्ट मर्यादांचा फायदा घ्या

मर्यादा आल्या की कल्पकता संपली, असं वाटणाऱ्यांनी 'मेज हँड' हा साधा मंत्र बघावा. हवेत एक भुतासारखा तरंगता हात येतो, एक मिनिट टिकतो. ३० फुटांपलीकडे जात नाही, १० पौंडांहून, म्हणजे साधारण साडेचार किलोहून जास्त वजन उचलत नाही, आणि त्याने हल्ला करता येत नाही. जादूगाराचं पात्र करणाऱ्याने विचारलं, "शिपायाचा गळा आवळू का?" तर उत्तर नाही असं आहे, आणि त्यावर वाद घालायला जागाच नाही. पण मग तो खोलीतल्या साडेचार किलोच्या आतल्या वस्तू बघायला लागतो. किल्ल्यांचा जुडगा. कंदील. दौत. खिडकीची आतली कडी. दोन मिनिटांत तो कंदील उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेतो आणि सगळ्या सावल्या उलट्या पडतात. "हात काहीही करू शकतो" एवढंच लिहिलं असतं तर गळा आवळून प्रसंग संपला असता.

पाणी निर्माण करणाऱ्या पहिल्या पातळीच्या मंत्राबद्दल नवे खेळाडू हमखास विचारतात, "शत्रूच्या फुप्फुसात पाणी भरू का?" नियम वाचा : पाणी १० गॅलन, म्हणजे ३८ लिटरच्या आसपास, आणि तेही उघड्या भांड्यात. माणूस हे उघडं भांडं नाही. पण त्याच नियमाचं पुढचं वाक्य सांगतं की ३० फुटी घनात पाऊस पाडून उघड्या ज्वाळा विझवता येतात. जकातघराच्या अंगणातल्या सगळ्या मशाली एका दमात विझल्या, तर त्या रात्री याहून सुंदर दुसरं काय घडणार? म्हणून मंत्राचा मजकूर मोठ्याने वाचायची सवय लावा. 'नाही' जिथे लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारीच बरेचदा एखादं न वापरलेलं 'हो' असतं.

पायरी ७ : 'नाही' कधी म्हणायचं

"कधीच नाही म्हणू नका" हा सल्ला नाटकाच्या सरावात ठीक आहे. इथे चार ठिकाणी 'नाही' म्हणावं लागतं. सेशन झीरोत ठरलेली रेषा ओलांडली जात असेल तर. आधी घडून गेलेल्या गोष्टीला छेद जात असेल तर. एकाची कल्पना दुसऱ्याच्या पात्राचा निर्णय परस्पर घेत असेल तर. आणि एकच युक्ती इथून पुढचा प्रत्येक प्रसंग सोडवून टाकणार असेल तर. यातलं शेवटचं ओळखायला वेळ लागतो, म्हणून पहिल्यांदा ती युक्ती चालू द्या, आणि बैठकीनंतर बोला.

बाकी बहुतेक ठिकाणी 'नाही, पण' पुरतं. "भिंत एवढी उंच आहे की उडी मारून जाता येणार नाही, पण नाल्याच्या बाजूला तिचा चुना सुटलेला दिसतोय." नकार दिल्यावर हातात काहीतरी ठेवा.

खेळाडूंसाठी

आतापर्यंत जीएमलाच कामाला लावलं. पण मोकळीक खेळाडूंकडूनही सांभाळली जाते. फक्त "हल्ला करतो" म्हणू नका, कसा आणि कशासाठी ते सांगा. वर दिलेली चोराची पद्धत पुन्हा वाचा. स्वतःच्या पात्राच्या शीटवरचे नियम स्वतः माहीत करून घ्या, ते जीएमचं काम नाही. निर्णय पटला नाही तर एकदा, एका वाक्यात सांगा आणि खेळ पुढे जाऊ द्या, उरलेलं शेवटी. आणि "माझं पात्र असंच वागतं" म्हणून बाकीच्यांची संध्याकाळ वाया घालवू नका. ते पात्र तुम्हीच रचलंय. सोबत्यांबरोबर राहायचं काहीतरी कारण त्याला द्या.

मराठीतून खेळताना

नियमांची पुस्तकं इंग्रजी, बोलणं मराठी, असंच बहुतेक टेबलांवर चालतं, आणि त्याने काही अडत नाही. ॲडव्हांटेज, रोल (फासा टाकणं), इनिशिएटिव्ह (लढाईतला पाळीचा क्रम) हे शब्द तसेच ठेवा. ते नियमाचे शब्द आहेत, आणि सगळ्यांना एकच अर्थ कळणं महत्त्वाचं. पण पात्रांचं बोलणं मराठीतच करा. कारण मराठीत तू, तुम्ही आणि आपण यांतला फरकच एक हत्यार आहे. म्हाताऱ्या शिपायाला "मामा, तुम्ही" म्हणणं आणि "ए, दार उघड" म्हणणं यांवर मी वेगवेगळा आकडा देते : पहिल्याला १५, दुसऱ्याला २०. साहेबांच्या तोऱ्यात शिरून कोणी "ए, दार उघड" असं अस्सल बोलून दाखवलं, तर उलटंही होऊ शकतं. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, पण टेबलावरच्या प्रत्येकाला तो उपजत कळतो, आणि त्यामुळे अंदाजही बरोबर येतो.

पंधरा-वीस ओळींचं एक मराठी पान मात्र तयार करा : फासा कधी, तीन आकडे, पाळीत काय काय करता येतं. प्रत्येकाच्या समोर एक प्रत ठेवा. नवी माणसं पुस्तकाला बिचकतात, पानाला नाही.

घरचे नियम

ते हवेतच. पण खेळून बघितल्याशिवाय बदलू नका, आणि एका वेळी एकच बदला. २०१४ च्या नियमांत जखम भरून काढणारं औषध पिण्यात अख्खी क्रिया खर्ची पडायची. लढाईत ते कंटाळवाणं व्हायचं, म्हणून असंख्य गटांनी आपापल्या टेबलावर ते छोट्या, म्हणजे बोनस क्रियेत बसवलं. २०२४ च्या सुधारित पुस्तकात तोच अधिकृत नियम झाला. बदल टिकतो तो असा : त्रास नेमका कुठे होतोय हे कळल्यावर केलेला, आणि सगळ्यांना आधी सांगितलेला. बैठकीच्या मध्यावर, हरायची वेळ आल्यावर सुचलेला घरचा नियम पुढच्या वेळेसाठी ठेवा.

पहिल्या बैठकीचा आराखडा

चार खेळाडू, तीन तास, तयार पात्रं. एकच ठिकाण घ्या आणि आत शिरायच्या निदान तीन वाटा तुम्हाला ठाऊक असू द्या. खेळाडू चौथी काढतील, काढू द्या. कागदावर सहा खणांचं एक वर्तुळ काढून सगळ्यांना दिसेल असं ठेवा. गोंधळ झाला किंवा वेळ गेला की एक खण भरा, सहा भरले की भरती आली. जॉन हार्पर यांच्या 'ब्लेड्स इन द डार्क'मुळे ही पद्धत सगळीकडे गेली आणि ती कुठल्याही खेळात चालते. घाई करा म्हणून सांगावं लागत नाही, वर्तुळ बघून त्यांचं तेच ठरवतात.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. निर्णयांची वही उघडून त्या दिवसाच्या ओळी मोठ्याने वाचा. प्रत्येकीवर विचारा : ठेवायचं, बदलायचं की पुस्तकात बघायचं? ज्यांनी कमी बोललंय त्यांना आधी विचारा. पुस्तकात बघायच्या ओळींवर खूण करा, एकेक जण एकेक ओळ वाटून घ्या, आणि पानाचा फोटो काढून गटाच्या ग्रुपवर टाका.